तोंड बघितल्याशिवाय पुडी नाही

४ फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार. यापुढे इकडची खुशाली कळवायची पद्धत आहे. ती मी तूर्त बाजूला ठेवते, कारण खोटं लिहिलं तर तुम्हाला लगेच कळेल आणि खरं लिहायला अजून हात धजत नाही. आधी दुकानाचं लिहिते.

वन्सं, हे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवणार, कारण आईंना बारीक अक्षर दिसत नाही आणि माझं अक्षर मुंग्यांसारखं आहे असं त्याच म्हणतात. तेव्हा मधलं काही गाळू नका आणि पदरचं काही घालू नका. फोन करणार नव्हतेच. आपला फोन दुकानात गल्ल्याशेजारी आहे आणि गल्ल्यावर तुमचे बंधुराज बसतात. शिवाय या घराचा नंबर दिसला की आई फोन तुमच्या हातात देतात, हेही मला ठाऊक आहे.

तर दुकान. आई, तुम्ही वन्संकडे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं होत आली, आपण बंद पाकिटंच विकतो. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, हिंग, सैंधव, सगळ्यांना एकच माप. तुमच्यासारखं 'भूक कधी लागते, झोप लागते का, अंगाला ऊन सोसतं का' विचारत बसायला कुणाला वेळ नाही, असं ह्यांचं म्हणणं. ते जाऊ दे. पाकिटं खपत होती, हे खरं आहे. पण आता ती परत यायला लागली आहेत. शाळेतल्या बाई परवा आल्या आणि पाकीट काउंटरवर आपटून म्हणाल्या, "हे चूर्ण आहे की निखारे?" शेजारचे शिंपीमास्तर तर रोजचे. त्यांनी खाल्लं, पाणी प्यायले, परत पाणी प्यायले, आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मास्तर आणि गप्प, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

मला वाटलं, व्यापाऱ्याने माल बदलला. मिरी फोडून बघितली, तीच आहे. सुंठ मोडून बघितली, आतला धागा तसाच. वाटलं यंत्र तापत असेल, म्हणून थांबून थांबून दळून घेतलं. तरी तेच. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, लोकच नाजूक झालेत. सगळ्या गावाचा घसा एकदम नाजूक झाला, असं कसं होईल? पिंपळी जुनी झाली की जास्त चढते का? हिंग कमी भाजला तर असं होतं का? काय बिघडलं असेल, तेवढं कळवा. बाकी मी काही मागत नाही.

त्या दिवशी जे झालं त्याबद्दल लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही नाही का म्हणाला होतात, "तोंड बघितल्याशिवाय पुडी नाही, हा या दुकानाचा नियम आहे." आणि हे गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नियम तुझा, दुकान माझं." तुम्ही हातातला चमचा बरणीत ठेवलात आणि मागच्या दाराने बॅग घ्यायला गेलात. तो चमचा अजून त्याच बरणीत आहे. ह्यांनी काढला नाही आणि मलाही काढावासा वाटला नाही.

हे बरे आहेत. थोडे उतरलेत, पण काम फार पडतं. पोती शिवायच्या टोच्याने पट्ट्याला नवीन भोक पाडलं आहे.

तुमची,
सूनबाई


१५ फेब्रुवारी

ती. आईंना,

तुमचं उत्तर पोचलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ: 'शेवटची चव कोण बघतं?' वन्सं, तुम्ही तरी खाली दोन शब्द लिहायचे होते. थंडी आहे, मुलं बरी आहेत, काहीही चाललं असतं. मी कागद उलटा करून बघितला, पाकिटाच्या आतही बघितलं.

तर शेवटची चव हेच बघतात. पूर्वी हे दळायचे आणि तुम्ही बघायचात. सकाळी, उपाशीपोटी, कोमट पाण्याने चूळ भरून. दळणाऱ्याने चव बघायची नाही, कारण दळताना त्याच्या नाकातोंडात तेच बसलेलं असतं, हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही गेल्यावर घरात दुसरी जीभ उरली ती माझी. ह्यांच्या मते ती फक्त बोलण्यासाठी आहे. म्हणून हेच दळतात आणि हेच चाखतात.

तुम्ही विचारलंत म्हणून मी या आठवड्यात मुद्दाम उभी राहून बघितलं. चिमूट जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात, आणि म्हणतात, "फिकं आहे." मग मिरी घालतात. परत चिमूट. "फिकं." मग पिंपळी. शेवटी मी बोट लावून बघितलं तर माझ्या कानातून वाफ निघाली. मी म्हटलं, "अहो, हे खाऊन माणूस उठायचा नाही." तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं." पण आवाज नेहमीचा नव्हता. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आता इतकं लिहिलंच आहे तर बाकीचंही लिहिते. घरातही तेच चाललंय. भाजीत मीठ नाही, चहात साखर नाही. मिठाची बाटली आता त्यांच्या कोपराजवळच असते. आणि इतकं मीठ घालूनसुद्धा दोन घास खातात आणि ताट सरकवतात. मी काही बोलले की आपलंच पाकीट फोडतात, तुपात कालवतात आणि घेतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सध्या हेच आहेत.

आई, मी पत्र चूर्णासाठी लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. आता वाटतंय की मला ह्यांच्याबद्दलच लिहायचं होतं आणि सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

समोर डॉक्टर आहेत. रस्ता ओलांडला की त्यांचा दरवाजा. पण हे जाणार नाहीत. आपल्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे: 'पोटाची काळजी आमच्यावर सोडा.' ह्यांनीच रंगवून घेतली ती. आता पोटाची काळजी आमच्यावर सोडा म्हणणारा माणूस पोट धरून समोरच्या दवाखान्याच्या बाकावर बसला, तर इकडचं गिऱ्हाईक तिकडे बघणार आणि तिकडचं इकडे. शिवाय डॉक्टर चेष्टेखोर. आजवर दोघांनी एकमेकांची इतकी टर उडवली आहे की आता आजारी पडायलासुद्धा ह्यांना लाज वाटते.

उत्तर जरा लांब लिहा. नाहीतर वन्संना लिहू द्या.

तुमची,
सूनबाई


२६ फेब्रुवारी

ती. आईंना,

लांब लिहा म्हटलं तर तुम्ही प्रश्नच पाठवलेत. बघून आधी वाटलं की तुम्ही मला काउंटरपलीकडे उभं केलंत. मग जरा बरंही वाटलं. निदान कुणीतरी विचारतंय.

जीभ कशी आहे, हे तुम्ही तिथे बसून विचारलंत, पण बघायची मला होती. नवरा बायकोला जीभ दाखवत नाही, भांडणातसुद्धा नाही. दाढी करताना आरशात बघितली. पांढरा थर नाही, पिवळाही नाही. गुळगुळीत आहे. आतून घासून काढल्यासारखी, आणि रंग गेलेला. आपली जीभ लाल असते, जरा खरखरीत असते, तसं काहीच नाही. मी माझी बघून ताडून बघितली.

भूक केव्हा लागते? लागते असं म्हणत नाहीत. पोट रिकामं असलं की इथे मधोमध दुखतं, काही खाल्लं की थांबतं, मग परत. मला सांगत नाहीत, पण हात तिथेच जातो.

झोप? दुपारीही झोपतात. ह्यांनी दुपारी कधी पाठ टेकली होती का? माळ्यावर पोती बघायला जाताना जिन्याच्या मध्यावर थांबतात आणि भिंतीकडे बघत उभे राहतात. खालून कुणी विचारलं तर म्हणतात, पोपडे धरलेत, रंग द्यायला हवा. त्या भिंतीचा रंग आता मलाही पाठ झाला आहे.

शेवटचा, परसाकडचा प्रश्न वन्संनी कसा लिहिला असेल, मला कल्पना आहे. अक्षर तिथे एकदम बारीक झालंय. तो मी चार दिवस टाळला. मग काल ताट सरकवल्यावर सरळ विचारलं, कारण आता मला लाजायचाही कंटाळा आला आहे. मग म्हणाले, "काळी होते. चूर्णामुळे होते, सगळ्यांनाच होते." असं होतं का आई, चूर्णामुळे? इतकी वर्षं दुकानात आहे, मला कधी कुणी असं सांगितलेलं आठवत नाही.

आता एवढी उत्तरं दिली, तर पुडी सांगा. तुम्ही उष्ण माणसांना धने, बडीशेप आणि आवळ्याचं देत होता, ज्यात सुंठ नावालाही नसायची, ते करू का? मी गुपचूप करून ह्यांच्या पाकिटात भरेन. नाहीतरी चव कळत नाहीच, तेव्हा बदललेलंही कळणार नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर मला कसंतरी झालं. पण खोडत नाही.

तुमची,
सूनबाई


६ मार्च

ती. आईंना,

तुमचं पत्र ह्यांच्या हातात पडलं. पोस्टमनला मी कितीदा सांगितलं होतं की पत्र आलं तर मागच्या दाराने द्या. पण तो सुट्टीवर होता आणि बदलीच्या माणसाने ते गल्ल्यावर ठेवलं. वर वन्संचं अक्षर. ह्यांनी फोडलं. आत तुमची एक ओळ: 'त्याला कसलीही पुडी देऊ नकोस. समोरच्या डॉक्टरकडे घेऊन जा.'

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तिला माझी जीभ कळवत होतीस?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "आणि ती काय म्हणणार होती? ये, मी बरं करते?" मी म्हटलं, "नाही, आई म्हणतात की मी नाही, डॉक्टर." त्यावर ह्यांनी फोन उचलला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांनी आईशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी ठणठणीत आहे, हिचं काही मनावर घेऊ नकोस." आणि ठेवला. ठेवताना हात काउंटरला टेकवला होता, ते तुम्हाला फोनवरून दिसलं नसणार.

मग वन्संचं वेगळं पत्र आलं की तुम्ही फोन ठेवल्यावर म्हणालात, त्याने बोलावल्याशिवाय मी त्या पायरीवर पाय ठेवणार नाही.

ठीक आहे. आता माझं ऐका. वन्सं, इथून पुढे आवाज चढवून वाचा, मी चढवूनच लिहिते आहे.

मी दमले आहे. आता दळतेही मी, पाकिटं मी भरते, परत आलेली पाकिटं मी घेते आणि माफी मीच मागते. रोज तीन वेळा जेवण करते, ते रोज तीन वेळा फेकते. मध्येच गिऱ्हाईक विचारतं, साहेब वाळलेत का हो? तर मी हसते आणि म्हणते, वजन कमी करतायत. हे हसणं मला आता जमत नाही. तुम्ही दोघं एकाच बरणीतले आहात. त्यांना पाटी सोडवत नाही आणि तुम्हाला पायरी. मी कशाला धरून बसू? मला धरायला काही दिलं आहे का कुणी?

काल जिरे भाजताना ह्यांना घेरी आली. कढईची कड धरली, तळवा भाजला. शिंपीमास्तर धावत आले तर हे म्हणाले, धुराने झालं. धूर नव्हताच. जिरे नुकतेच टाकले होते. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, हे काही धुराचं नाही." मला ते कळत नाही असं त्यांना वाटलं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डॉक्टर स्वतः इकडे आले तर? मी विचारलं त्यांना. ते आले, काउंटरपलीकडून चार शब्द बोलले. ह्यांनी त्यांना एक पाकीट भेट दिलं आणि हसत हसत परत पाठवलं. मी सांगून ऐकत नाहीत. दुसऱ्या कुणाचं ऐकायचा प्रश्नच नाही. आयुष्यात एकाच माणसापुढे हे गप्प बसले आहेत आणि ते माणूस वन्संच्या गावी पायरीचा हिशोब करतंय.

आई, मला भीती वाटते. हे लिहायला मला इतकी पत्रं लागली. ह्यांना काहीतरी मोठं झालंय आणि ते माझ्यासमोर वाढतंय आणि मी त्याच्यावर तूप-चूर्ण वाढते आहे.

नियम तुमचाच आहे ना, तोंड बघितल्याशिवाय पुडी नाही? मग तोंड बघायला या. त्यांनी नाही बोलावलं, मी बोलावते. माझं बोलावणं या घरात धरत असतील तर या.

तुमची,
सूनबाई


१४ मार्च

प्रिय वन्सं,

आई पोचल्या, हे तुम्हाला फोनवर कळलंच. पण फोनवर मी नीट बोलले नाही, मास्तर शेजारी उभे होते आणि मला बोलताना मध्येच रडू येत होतं. तुम्ही इतके दिवस आमची भांडणं मोठ्याने वाचलीत, तेव्हा हा भाग तुमच्या हक्काचा आहे. आईंना विचारलंत तर त्या एका ओळीत सांगतील.

सकाळची गर्दी होती. हे गल्ल्यावर, मी मागे पाकिटं भरत होते. शाळेच्या बाई, मास्तर, दोन नवी माणसं. मी सहज बाहेर बघितलं तर सगळ्यांच्या मागे, पायरीच्या खाली, रस्त्यावर आई उभ्या. हातात बॅग. पायरी चढलेल्या नाहीत. रांगेत उभ्या आहेत.

मी काही बोलायच्या आत हे नेहमीसारखे मान खाली घालून सुटे मोजत म्हणाले, "पुढचं कोण? या, वर या."

"बोलावलंस ना," आई म्हणाल्या. "आले."

आणि पायरी चढल्या. वन्सं, तुमच्या आईंना कुणी वकील का केलं नाही?

ह्यांनी वर बघितलं. चेहरा आधीच पांढरा होता, त्याला अजून काय व्हायचं? उभे राहायला गेले, जमलं नाही, परत बसले. आई काउंटरच्या पलीकडेच थांबल्या, आत आल्या नाहीत. बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जीभ दाखव."

"आई, लोक आहेत."

"लोकांचीही मी इथेच बघितली आहे. मास्तरांची बघितली आहे, बाईंची बघितली आहे. कुणी लाजलं नाही."

मास्तर लगेच म्हणाले, "खरं आहे, माझी तीनदा." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ह्यांनी जीभ बाहेर काढली. एवढा मोठा माणूस, दुकानाचा मालक, सगळ्यांसमोर. मला मागच्या बाजूने फक्त ह्यांचे कान दिसत होते. आईंनी वाकून बघितली. मग बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग हात घेतला, नखं दाबून बघितली, भाजलेल्या तळव्याची पट्टी बघितली. हात सोडला नाही. काही विचारलं नाही. पूर्वी इतका वेळ त्या कधी घेत नसत. मी मनात म्हणत होते, आता विचारतील, आता बरणीकडे हात करतील, मला म्हणतील अमुक काढ, तमुक काढ. मला, खरं सांगू, तेच हवं होतं. इतकं सगळं कळत असूनही मला तेच हवं होतं.

आई म्हणाल्या, "माझ्याकडे याची पुडी नाही."

हे वाक्य मी त्या दुकानात कधीच ऐकलं नव्हतं. पोट फुगलंय, आहे पुडी. ढेकर येतात, आहे. अन्न वर येतं, आहे. काही नसलं तर नुसतं गरम पाणी पी म्हणून सांगायच्या, पण नाही असं कुणाला म्हणाल्या नाहीत. ह्यांनाही ते कळलं. अगदी हळू म्हणाले, "मग?"

"समोर."

"सगळे बघतील, आई."

"बघू देत. पाटी मी येताना वाचली. ती गिऱ्हाइकांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही."

मग त्या काउंटरच्या आत आल्या, ह्यांच्या काखेत हात घातला आणि उठवलं. मी दुसऱ्या बाजूने. वाहनं थांबली की नाही, मला आठवत नाही. मास्तर रस्त्याच्या मधोमध हात करून उभे होते एवढं आठवतं, मोजपट्टी गळ्यात तशीच. दवाखान्यात बाकावर बसलेले लोक उठले. डॉक्टर दारात आले. मी वाट बघत होते की आता ते काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांची संधी होती. पण ह्यांची खुर्ची त्यांनी स्वतः सरकवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्यांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. पोटात जखम आहे, ती बरेच महिने आतल्या आत झिरपत होती. अंगात रक्त इतकं कमी उरलं होतं की मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं, हे चालत कसे आले? रक्त कमी झालं की जीभ अशी गुळगुळीत होते आणि मग चव लागत नाही, असं त्यांनी समजावलं. म्हणजे ह्यांना फिकं लागायचं, हे मिरी वाढवायचे, ती मिरी जखमेवर जायची, आणि उरलेली गावाच्या घशात. चूर्णाला काहीच झालं नव्हतं. मी उगाच सुंठ मोडत बसले होते.

आता रक्त चढवलंय, औषधं चालू आहेत. धोका आहे का विचारलं तर म्हणाले, अजून थोडं उशिरा आले असते तर असता, आता बघू. ते 'आता बघू' मी घरी घेऊन आले आहे आणि त्याच्यासोबत बसले आहे. आई हॉस्पिटलमध्येच राहतात, उठायला तयार नाहीत. दोघं बोलत नाहीत फारसे. नर्स सांगत होती, एकदाच आवाज ऐकला, तेव्हा चादर कशी घालायची यावरून वाद चालला होता. मला ते ऐकून बरं वाटलं.

इतके दिवस मी दमले दमले लिहीत होते. दमणं म्हणजे काय ते आता कळतंय. काल दुपारी शटर अर्धं ओढून पोत्यांवर झोपले ते बाईंनी येऊन उठवलं.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल, डब्यासोबत

आई,

सूप आहे, मऊ भात आहे, बटाटा उकडून कुस्करला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मीठ अगदी कमी. ह्यांनी कुरकुर केली तर माझं नाव सांगा, तुमच्याशी नुकतंच जमलंय ते बिघडायला नको.

कडेला कागदाची छोटी पुडी आहे. ती ह्यांच्यासाठी नाही, त्यांच्या हाताला लागू देऊ नका. दुकान इतके दिवस बंद ठेवून चालणार नाही म्हणून आज थोडं चूर्ण केलं. तुमच्या मापाने, जसं मला आठवत होतं तसं. बरणीतला तुमचा चमचा काढला, धुतला आणि त्यानेच मोजलं. विचारायला तुम्ही नव्हता. मीच दळलं आणि मीच चव बघितली, म्हणजे नियम मोडला. मला बरं लागलं, पण माझ्या जिभेचा काय भरवसा, ती फक्त बोलायला आहे. तुम्ही चूळ भरून बघा आणि जमलंय की नाही ते कळवा. एका ओळीतही चालेल.


२ एप्रिल, संध्याकाळी

प्रिय वन्सं,

हे पत्र उद्या सकाळी पोस्टात टाकेन, पण आत्ताच लिहिते.

डबा परत आला. उघडला तर रिकामा. सूप नाही, भात नाही, बटाटा नाही, कडेला लागलेलंसुद्धा नाही. चाटूनपुसून खाल्लेलं. मी आधी समजले की आईंनी नर्सला देऊन टाकलं असेल. मग तळाशी माझीच चिठ्ठी होती, उलट्या बाजूने लिहिलेली. आईंना दिसत नाही म्हणून त्यांनी सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं. वर एक ओळ: 'आई म्हणते बरोबर जमलंय. जिरे अजून थोडे भाज.'

त्याच्याखाली ह्यांनी आपल्या मनाने लिहिलं होतं. अक्षर जरा हललंय, पण ह्यांचंच आहे:

'आई चूळ भरायला गेली तेव्हा मी बोट लावलं. तिला सांगू नकोस. फार तिखट आहे गं. लोक खाणार कसं?'

मी ते उभ्याने वाचलं. मग पोत्यावर बसून वाचलं. मग मला इतकं रडू आलं की मास्तर हातातला शर्ट टाकून धावत आले आणि दारातच थांबले. आत यायचा त्यांना धीर होईना. म्हणाले, "वहिनी, काय झालं? हॉस्पिटलमधून काही कळलं का?"

मी म्हटलं, "हो. ह्यांना तिखट लागलं."